शेजाऱ्याची मूठ

आमच्या वाडीत लावणीचं पयलं रान कुणाचं, ह्ये कुणी कुणाला इचारत नसे. रखमाजीकाकाची खाचरं समद्यात वर, डोंगराच्या बुडाशी, म्हणून पयली त्यांची. मग त्याच्या खालचं साहेबरावाचं, मग धोंडाबाईचं, असं उतरत उतरत पाचवं आमचं, सहावं सोनबाचं, आन समद्यात खाली वड्याला लागून सगुणामावशीचं. सात घरं आन एक सावड. सावड म्हंजे आज समद्यांनी तुज्या रानात राबायचं, उद्या समद्यांनी माज्या. मजुरी न्हाई. ज्याचं रान त्यानं दुपारची भाकरी आन कोरड्यास द्यायचं, बास.

सगुणामावशी आमच्या सावडीची म्होरकी. तिला कुणी निवडलं न्हवतं. तिची सासू म्होरकी व्हती, ती गेल्यावर ही झाली. सकाळी इरलं डोक्यावर टाकून ती वाटंला लागली की बाया आपसूक तिच्या मागनं निघायच्या. खाचरात पयली वळ तिची. आन तिचं सवताचं रान समद्यात शेवटी. आधी समद्यांचं, मग म्होरकीचं, असं तिच्या सासूपासनं चालत आलेलं.

मी बना, गेनबाची थोरली. शाळा सातवीत सोडली. मास्तर समद्या वर्गाम्होरं म्हणलं, "डोकं हाय, पर जिभंला लगाम न्हाई." मी दप्तर तिथंच ठिवलं आन चालत घरी आले. दप्तर आणायला आबा गेलेला, मी न्हाई.

ही गोष्ट कोयनेच्या भूकंपात आमच्या घरातली उतरंड पडली, त्याच्या फुडल्या पावसाळ्याची.

त्या साली विंझरला नवं बेणं वाटायला एक साहेब आले. ठेंगणं भात, लोळत न्हाई, दुप्पट येतं म्हणले. संगं छापील कागद दिला. आबाला वाचता येत न्हाई, म्हणून म्या वाचून दाखवला, एकदा न्हाई, आठ-धा डाव. एकवीस दिसांत लावा, पंचवीसच्या वर जाऊ देऊ नका, असं त्यात मोठ्या अक्षरात लिव्हलेलं.

आय म्हणाली, "ह्याला आंबेमोहोराचा वास येतो का, ते लिव्हलंय का?"

"वास खाऊन पोट भरतं व्हय?" म्या म्हणलं.

आबानं घ्यायचं ठरवलं. वाडीत आमी घेतलं आन सोनबानं घेतलं. बाकी पाच घरांनी रोहिणीतच रोपासाठी राब भाजून आंबेमोहोर टाकलेला. आमचं बेणं हातात यायलाच पंधरा दिस उशीर झाला. म्हणून त्यांचा तरवा, मंजे भाताची रोपं, वीतभर झाला तवा आमचा कुठं हिरवा दिसायला लागलेला.

आन मग पाऊस गेला. अकरा दिस. ढग यायचे, डोंगरावर टेकायचे, आन तसंच कोरडे निघून जायचे. खाचरात चिखल करायला पाणी न्हाई, म्हणून लावणी न्हाई. तरवा मातूर थांबत न्हाई, तो वाढत ऱ्हातो. लई वाढला की बुडाशी गाठ धरतो, मुळं तांबडी पडत्यात, मग तो लावला तरी त्याला फुटवं येत न्हाईत. आमी त्याला तरवा म्हातारा झाला म्हणतो.

बाराव्या दिशी पाऊस आला. तवा जुना तरवा पस्तीस दिसांचा, आमचा वीस.

म्या बोटं मोजली. एका घराला दोन दिस. आमची पाळी येईपतुर आमचा तरवा अठ्ठावीस दिसांचा. सोनबाचा तीस. मंजे कागदावरचं समदं फुकट, आन वर्षाचं भात म्या हट्टानं घालवलेलं. आबानं बेणं माज्या तोंडाकडं बघून घेतलं व्हतं.

पयल्या दिशी रखमाजीकाकाच्या रानात दुपारी भाकरीला बसलो, तवा म्या बोललेच. "मावशी, यंदा आमचं आन सोनबाकाकाचं आधी लावायला पायजे."

रखमाजीकाकाची बायकू फुलाकाकी भाकरी वाढत व्हती. ती म्हणाली, "घ्या! पोरीनं शाळा सोडली पर मास्तरकी न्हाई सुटली."

बाया हसल्या. सगुणामावशी काय लगेच बोलत न्हाई. आधी मिश्रीची डबी काढायची, बोट बुडवायचं, दातांवरनं फिरवायचं, चूळ भरायची. तवर माज्यासारखीनं काय जळत बसायचं? मग ती म्हणाली, "वरनं खालीच का लावतो, ठावं हाय का बने?"

"रीत हाय म्हणून."

"रीत न्हाई. वरच्या खाचरात चिखलणी केली की गढूळ पाणी खालच्यात उतरतं. खाली आधी लावलंस, की दुसऱ्या दिशी तुजा तरवा पाण्यावर तरंगंल. मग कागद वाचत बस."

उत्तर नसलं की मला जास्त राग येतो. म्या हातातली भाकरी दुरडीत टाकली, इरलं उचललं आन घरी आले. अर्ध्या लावणीतनं सावड सोडून आजवर कुणी गेलं न्हवतं. साप चावला तरच जात्यात.

आयनं मला संध्याकाळी मारलं न्हाई, नुसतं म्हणाली, "उद्या आपल्या रानात कोण येईल आता?" मारलं असतं तर बरं झालं असतं.

पर माजं निघून जाणं एकटं ऱ्हायलं न्हाई. दुसऱ्या दिशी सोनबानंबी सांगितलं, की त्याचा मेव्हणा उत्रोलीवरनं आठ माणसं आणतोय, तो आपलं आपण लावून घेणार. सोनबाची बैलजोडी गेली तर चिखलणीला तीनच जोड्या उरत्यात. धोंडाबाई इधवा, तिला तर बैलच न्हाईत. सोनबा सुटला की ती लटकली, ती लटकली की सावड मोडली. सात घरांतलं एकबी घर एकट्यानं लावणी उरकू शकत न्हाई, ह्ये समद्यांना ठावं व्हतं. तरीबी जो तो मनात आपलाच तरवा मोजत व्हता.

रखमाजीकाकाचं रान झालं त्या तिन्हीसांजंला सगुणामावशीनं समद्यांना भैरोबाच्या पारावर बोलावलं. मला वाटलं, आता माजी खेटरानं पूजा. मी आयच्या मागं बसले.

सोनबानं आल्या आल्या सुरवात केली. "मावशी, राग नको. पर सावड मंजे काय यष्टी न्हाई, की ह्या थांब्यावर न्हाई थांबली तर मागनं दुसरी येईल. माजा तरवा थांबायचा न्हाई."

"आन माजा थांबंल व्हय?" धोंडाबाई म्हणाली. "पस्तीस दिसांचा झालाय, सदतीसचा म्हण आता."

समदे एकदम बोलाय लागले. कुणी म्हणलं नव्या बेण्यानं घात केला, कुणी म्हणलं पावसानं. शेवटी रखमाजीकाका म्हणले, "गप ऱ्हावा. मावशी, तू म्होरकी हायस. तूच सांग काय करायचं ते."

मावशीनं मिश्री काढली न्हाई. लगेच बोलली. "मला न्हाई ठावं."

रखमाजीकाकाच्या वठात बिडी व्हती ती तिथंच इझली. पाऊस अकरा दिस गेला तवाबी लोकांची तोंडं अशी झाली न्हवती. म्होरकीला ठावं न्हाई, मंजे काय?

"असलं बेणं म्या हातात धरलं न्हाई," ती म्हणाली. "असली उघाडबी बघितली न्हाई. फुडल्या पंधरा दिसांचं आज सांगितलं तर ते खोटं सांगितल्यासारखं व्हईल. म्हणून उद्याचं तेवढं ठरवू. रोज तिन्हीसांजंला जेनं तेनं आपल्या तरव्यातली एक मूठ हितं पारावर आणून ठिवायची. समद्यांनी बघायची. ज्याचा तरवा जास्त थकला, उद्या त्याचं रान."

"आन वरचं गढूळ पाणी?" सोनबा.

"गडी माणसांनी उद्या सकाळच्याला बांधाच्या कडंनं चर खणायची. पाणी बाजूनं वड्यात जाईल."

"आन परवाचं काय?"

"परवाचं परवा."

सोनबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मंजे रोज पाण्याकडं बघूनच धोतर खोचायचं म्हणा."

"तू आजवर न बघता खोचत व्हतास व्हय?" फुलाकाकी म्हणाली, आन लोक हसले. हसल्यावर उठून जायला जड जातं. सोनबा म्हणला, दोन-तीन दिस बघतो, मग मेव्हण्याला कळवतो.

माज्याबद्दल कुणी काय बोललं न्हाई. सकाळी मावशी आमच्या दारावरनं गेली. थांबली न्हाई, हाक मारली न्हाई, नुसती चाल हळू केली. म्या इरलं घेतलं.

चर खणली. पयल्या तिन्हीसांजंला धोंडाबाईची मूठ समद्यात थकलेली निघाली, म्हणून साहेबरावाला वलांडून तिचं रान लावलं. साहेबराव गरीब माणूस, म्हणला असू द्या. मूठ डोळ्याम्होरं असली की भांडायला जागा ऱ्हात न्हाई. गाठ दिसते न्हाईतर दिसत न्हाई.

पर आमची मूठ रोज हिरवीगार. आंबेमोहोराच्या म्हाताऱ्या मुठींशेजारी ती लेकरासारखी दिसायची. बावीस, तेवीस, चोवीस. कागद माज्या डोक्यात वाजत व्हता. चोवीसाव्या दिशी तिन्हीसांजंला म्या तरव्याच्या मधनं मूठ उपटली न्हाई. बांधाच्या कडंला, जिथं पाणी पोचत न्हाई, तिथं चार काड्या पिवळ्या पडून वाळलेल्या. त्या उपटल्या. मुळं धुवून घेतली, पारावर आणून ठिवली.

"अगं बाई," धोंडाबाई म्हणाली, "गेनबाचा तरवा तर एका दिसात बसला की!"

"नव्या बेण्याचं असंच," म्या म्हणलं. "कागदावर लिव्हलंय."

सगुणामावशीनं माजी मूठ उचलली. एक काडी मोडली. मूळ दोन बोटांत चोळलं. वर माज्याकडं बघितलं. तिचं बघणं लई लांबलं न्हाई.

"उद्या गेनबाचं," ती म्हणाली. साहेबराव परत म्हणला असू द्या. मग ती सहज बोलल्यागत म्हणाली, "आन उद्यापासनं एक करायचं. आपली मूठ आपण आणायची न्हाई. शेजाऱ्याची आणायची."

"ते का?" फुलाकाकीनं इचारलं.

"आपलं आपल्याला नीट दिसत न्हाई," मावशी म्हणाली, आन उठली.

पंचवीसाव्या दिशी आमचं रान लागलं, समद्यांनी नेट लावून एकाच दिसात. आबा बैलांमागं गाणं म्हणत व्हता. मी मातूर त्याच्याकडं न बघता लावत व्हते.

रानं लांब असली तरी राबाच्या जागंत आमच्या तरव्याशेजारी मावशीचा तरवा. मधी नुसता हातभर बांध. म्हणून तिची मूठ माज्याकडं आली. दुपार कलल्यावर मी गेले. वाकले, आन वाकलेलीच ऱ्हायले.

तिचा समदा तरवा गाठी धरून बसलेला. बूड तांबडं, पात्यांची टोकं वाळलेली. फकस्त मधी, पाणी शिरतं त्या तोंडापाशी, एक टवटवीत पट्टा व्हता. आन त्या पट्ट्यात तीन खळगे. एका तिन्हीसांजंचा एक. रोज ती तिथनंच मूठ उपटत व्हती, समद्यात हिरवी, समद्यात कोवळी. तिचा तरवा अजून कसा तरणा म्हणून आमी पारावर नवल करत व्हतो.

बांधाच्या ह्या अंगाला आमच्या तरव्यात, पार कडंला, माजा एकच खळगा.

तिचा तरवा चाळीस दिसांचा झालेला. अजून साहेबरावाचं, चौथ्या घराचं, सोनबाचं, मग तिचं. तवर त्यातनं दाणा निघाला नसता. तिला ह्ये ठावं व्हतं. मी गप बसले असते तर तिचं भात गेलं असतं, आन ते रीतीपरमानं गेलं असतं, कुणाला बोल लागला नसता. आन मी बोलले तर माजा खळगाबी निघणार व्हता.

म्या कडंची न्हाई, मधलीबी न्हाई, तिच्या तरव्यातली जिथं हात पडला तिथली मूठ उपटली.

पारावर म्या ती समद्यांच्या मधी ठिवली. फुलाकाकीनं खाली वाकून बघितलं. "ही कुणाची गं?"

"सगुणामावशीची."

"काय बोलतीस! काल तर..."

"काल त्यांची त्यांनी आणली व्हती."

मावशी म्हणाली, "बने, उचल ती मूठ. म्होरकीचं शेवटी असतं."

"न्हाई उचलणार." माजा आवाज चढला. "शेजाऱ्याची मूठ, ह्ये तुमीच म्हणला. आता तुमचीच तुमाला नको व्हय? रोज पाण्याच्या तोंडातली कोवळी उपटून आणता. तीन खळगे हायेत, जाऊन बघा समद्यांनी!"

माज्या आयनं माजा पदर धरून खाली वढला. म्या सोडवला.

"आन काल माजी मूठ खोटी व्हती," म्या म्हणलं. "बांधाकडची, वाळलेली. आज साहेबरावकाकाचं रान लागायला पायजे व्हतं."

आयनं कपाळावर हात मारून घेतला. आबा दुसरीकडं बघाय लागला. मला वाटलं आता साहेबराव उठंल. तो म्हणला, "असू..." आन मग थांबला. "न्हाई, असू द्या न्हाई. पोरी, माज्या चिखलणीला तू सवता कुळवावर उभी ऱ्हायचंस."

"ऱ्हाते."

फुलाकाकी खो खो हसाय लागली. "अगं एक फुडं जायला चोरी करतीया, एक मागं ऱ्हायला! शेजारी शेजारी बरी जमली की."

मावशी हसली न्हाई. आता तिनं डबी काढली. बोट बुडवलं, फिरवलं, चूळ भरली. मग म्हणाली, "सासू म्हणायची, म्होरकीनं आपलं आधी बघितलं की सावड मोडती."

रखमाजीकाका म्हणले, "तुजी सासू शाणी व्हती. पर तिच्या येळंला पाऊसबी तिचं ऐकत व्हता. तुजं भात गेलं, तर फुडल्या साली तू दुसऱ्याच्या गावी कामाला जाशील. मग आमाला म्होरकी कोण? ही?" त्यांनी माज्याकडं बोट दाखवलं. समदे हसले, मीबी हसले, मग मला राग आला.

"मूठ हितं हाय," सोनबा म्हणला. मेव्हण्याला अजून त्यानं कळवलं न्हवतं. "माजं अठ्ठावीसला लागलं तरी चालंल. उद्या वड्याकडं."

मावशीनं मुठीतली एक काडी उचलली, तिची गाठ नखानं चेपून बघितली. जणू दुसऱ्याचीच असावी अशी. "बरं," ती म्हणाली. "उद्या वड्याकडं. म्हातारा तरवा हाय, चार-चार काड्या लावा एका जागी."

पार मोकळा झाल्यावर ती माज्या बाजूनं गेली. चालता चालताच म्हणाली, "मूठ खोटी व्हती, पर दिस खरे व्हते. पंचवीस कागदावर हायेत, ते म्याबी ऐकलेलं. तू नुसतं तोंडानं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. एरवी तर बोलायची थांबत न्हाईस."

सकाळी तिच्या रानात तीच घोटाळली. आजवर तिचं रान लावायचं तवा समद्यांचं झालेलं असायचं, बाया हासत खेळत यायच्या. आता अजून तीन घरांचं काम डोक्यावर असलेली माणसं तिच्या बांधावर उभी व्हती, आन ती कुठनं सुरवात करावी ह्येच ठरवंना. मग मला म्हणाली, "कुठला वाफा जास्त थकलाय ते बनीनं बघितलंय. तिच्या मागनं जावा."

मी म्होरं झाले. बाया मागनं आल्या. फुलाकाकी म्हणाली, "मास्तरीण बाई, जरा हळू." म्या ऐकलं न्हाई, आन मग जरा हळू केलं.

एका आयची पोरं सारखी नसत्यात, तशी खाचरंबी. मावशीचं भात बारा आणे आलं. चार काड्यांनी तग धरला. सोनबाचं अठ्ठावीसाव्या दिशी लागलं, आमच्यापेक्षा जरा पातळ, पर आलं. साहेबरावाच्या चिखलणीत मी दिवसभर कुळवावर उभी ऱ्हायले आन दोनदा तोंडावर पडले. धोंडाबाईला अजून त्याचं हसू येतं. आमचं नवं भात कागदात म्हणलं तेवढं न्हाई, पर जुन्यापेक्षा जास्त निघालं. आयनं पयल्या दिशी शिजवलं, झाकण काढलं, वास घेतला आन म्हणाली, "पाण्याचा येतोय."

यंदा परवा राब भाजताना समदी परत पारावर बसली व्हती. मावशीनं मला कागद दोनदा वाचाय लावला. मग रखमाजीकाकानं बिडी वढत इचारलं, "काय मावशी, यंदा पयलं रान कुणाचं?"

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली.

काकाची बिडी ह्या डावाला इझली न्हाई.